दोष कुणाचा?

एसीटीएचचं सॅम्पल घ्यायचं असलं की मी लॅबमधली बाकीची कामं बाजूला ठेवते. सकाळी आठची वेळ, जांभळ्या टोपणाची प्लास्टिकची नळी, आधीच बर्फात गार केलेली. काचेची चालत नाही, हे हार्मोन काचेला चिकटून बसतं. रक्त घेतलं की नळी परत बर्फात, मग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, आणि वर आलेला पिवळसर प्लाझ्मा लगेच गोठवायचा. एवढे लाड अशासाठी, की ३९ अमिनो आम्लांची ही साखळी उबेत भराभर तुटते आणि रिपोर्ट खोटा येतो.

तपासणी विचारते एवढंच: कॉर्टिसॉल कमी पडलंय, तर दोष कुणाचा? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी एसीटीएचच्या रूपात हुकूम सोडते, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवून तो पाळतात. एसीटीएच भरमसाट वाढलेलं असलं तर वरून ओरडा चालू आहे, खाली काम होत नाही. हा अ‍ॅडिसनचा आजार, १८५५ पासून माहीत असलेला. आपल्याकडे त्यामागे क्षयरोगही निघतो. एसीटीएचही कमी असलं तर हुकूमच सुटत नाहीये.

मध्यंतरी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. “काही नाही हो, अंगचा आळस. देवाचं काही करत नाही, मग मन कसं लागणार?” सुनेच्या तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडलेल्या. नुसतं मीठ चाटावंसं वाटतं, म्हणाली. एसीटीएच कितीतरी पटींनी वाढलेलं निघालं.

सासूबाईंच्या बोलण्यावरून मला माझे वडील आठवले; ते प्रवचनं करत. सांख्यांचं मत ते रंगवून सांगत: मन, बुद्धी, अहंकार ही सगळी प्रकृतीच, म्हणजे जड; पुरुष, म्हणजे आत्मा, नुसता पाहणारा. हार्मोन सापडलं म्हणून आत्म्याची पंचाईत झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ऐकलेलं नसावं. आळस आणि उत्साह सांख्यांनी केव्हाच जडाच्या खात्यात टाकले आहेत.

आजार म्हणजे पूर्वकर्माचा भोग, हे वडिलांचं म्हणणं मात्र मला कधी पटलं नाही. कॉर्टिसॉल वाढलं की पिट्युटरी आपोआप गप्प होते; म्हणजे हुकूम देणारा, ज्याला हुकूम द्यायचा त्याचंच ऐकतो. या चक्रात पहिला कर्ता कुठून काढणार? कर्मही अनादी आहे, असं वडीलच सांगत. ज्याला आरंभच नाही त्याचं बिल एका सुनेच्या नावावर फाडायचं, हा कुठला न्याय? तिथे शास्त्र संपतं आणि घरातलं राजकारण सुरू होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिपोर्ट न्यायला आलेल्या सासूबाईंनी विचारलं, एखादं व्रत धरू का? धरा की, मी म्हटलं, पण तुम्ही. डॉक्टरांनी दिलेली सुनेची गोळी एकादशीलाही चुकवायची नाही, आणि आपल्या मनाने बंद तर कधीच करायची नाही.