तडा कुणाचं कर्म?

बोअरवेलच्या गाडीवरचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात रात्ररात्र चालतो. त्याच्या डिझेल इंजिनाच्या टर्बोला जोडलेला एक्झॉस्ट पाइप फुटला की मालक तो काढून हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये आणतात. पाइप खाली ठेवता ठेवता बहुतेकांच्या तोंडून निघतं, "भाऊ, याचं नशीबच खोटं." दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारे, गळ्यात तुळशीची माळ असलेले एक काका त्याच्याही पुढे गेले. म्हणाले, "मागचं काही संचित असणार बघ त्याचं."

काका मनापासून बोलत होते आणि मीही ते मनावर घेतलं. संचिताशी आमच्या घराचा जुना हिशेब आहे. माझी आजी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबली. तिच्या वाट्याला जे आलं ते मागच्या जन्मीच्या पापाचं फळ, असं गावानं तिला सांगितलं होतं आणि तिनंही ते खरं धरलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपुरात दीक्षाभूमीवर गेली आणि बाबासाहेब आंबेडकरांसोबत तिनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर तिनं ते कधी कुणाला बोलू दिलं नाही. त्यामुळे जो फुटतो तो आपल्याच कर्मानं फुटतो का, हा प्रश्न मी पोथीत बसून नाही, कामाच्या टेबलावर पडलेल्या लोखंडाकडे बघून विचारतो.

तडा गेलेल्या पाइपाला लगेच ग्राइंडर लावायचा नसतो, धातू सारवला जाऊन चीर बुजते. काजळी काढायची, सॉल्व्हंटनं पुसायचं, लाल डाय मारायचा आणि थोडा वेळ थांबायचं. मग डाय पुसून पांढरा डेव्हलपर मारला की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती रेघ वेल्डच्या मधोमध क्वचितच असते. वेल्ड संपून पाइप सुरू होतो त्या काठाला, तेही बहुतेकदा फ्लँजपाशी ती सापडते.

तिथंच का? फ्लँज जाड, पाइप पातळ. इंजिन लोडवर आलं की पाइप भराभर तापतो, फ्लँज मागे राहतो. एसएस ३०४ चा अर्धा मीटर पाइप सहाशे अंशांनी तापला तर पाच मिलिमीटरहून जास्त वाढतो. दोन्ही टोकं बोल्टनं आवळलेली असतील तर ही वाढ जाणार कुठे? पाइप आतल्या आत दाबला जातो, आणि थंड होताना तोच काठ ताणला जातो. दर स्टार्टला, दर बंदला हेच. त्यात भर म्हणजे कित्येकदा टर्बोचं वजनही पाइपावरच लटकवलेलं असतं. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि सायलेन्सरकडचं टोक मात्र चेसिसला घट्ट बांधलेलं असतं. मध्ये एक बेलो, म्हणजे लवचिक पन्हळी तुकडा, टाकला असता, इंजिनावरूनच एक ब्रॅकेट घेतला असता, तर पाइपाला हलायला जागा मिळाली असती.

पाइप कापून आत बघा. वेल्डच्या मागे आर्गन सोडून पर्जिंग केलं नसेल तर मुळाशी काळे, साखरेसारखे खरबरीत दाणे दिसतात. तड्याला सुरुवात करायला एवढं पुरतं. टिग वेल्डिंगचा करंट हळूहळू उतरवून शेवटचा खड्डा भरून घ्यायचा असतो. टॉर्च झटक्यात उचलली की त्या खड्ड्यात बारीक चिरा पडतात. आणि ३०४ दीर्घकाळ साडेचारशे ते साडेआठशे अंशांत राहिलं की कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर बसतो आणि तो भाग दुबळा होतो. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच बांधून ठेवतं. ते थोडं महाग पडतं, म्हणून टाळलं जातं.

यातलं एकही कृत्य पाइपानं केलेलं नाही. आवळलं दुसऱ्यानं, वजन लटकवलं दुसऱ्यानं, गॅस वाचवला तिसऱ्यानं.

काकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला पेचात टाकलं. मीच त्यांना मायनरचा नियम सांगितला होता. पाल्मग्रेननं १९२४ मध्ये बेअरिंगसाठी मांडलेली कल्पना मायनरनं १९४५ मध्ये पुढे नेली: ताणाचं प्रत्येक आवर्तन धातूच्या आयुष्यातला एक वाटा खातं, ते वाटे साठत जातात, बेरीज एकवर आली की तडा. काका म्हणाले, "मग हेच तर संचित! दिसत नाही, पण साठतं." मी म्हटलं, साठतं, पण याच पाइपात, याच इंजिनावर. हा पाइप भंगारात जाऊन वितळला की त्याचा तडाही वितळतो. नव्या पाइपात तो येत नाही. पण काकांनी उमेदीत भंगाराचा धंदा केलेला. ते लगेच म्हणाले, "अन् तांबं?"

बरोबर होतं त्यांचं. पोलादाच्या भंगारात तांबं गेलं तर भट्टीत ते निघत नाही, कारण तांब्याआधी लोखंडच जळतं. ते नव्या मालात उतरतं आणि गरम रोलिंगच्या वेळी पृष्ठभागावर चिरा पाडू शकतं. म्हणजे काहीतरी पुढे जातंच. या आक्षेपानं मला खूप दिवस छळलं, आणि मला तो आजही आदराचा वाटतो. पण ते तांबं आलं कुठून? मोटारीचं वाइंडिंग न काढता कुणीतरी ती तशीच भंगारात टाकली. पुढे गेला तो पदार्थ, पाप नाही. ज्याला ते भोगावं लागलं, त्यानं ते केलेलं नव्हतं.

संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नेमकं हेच विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं म्हणणारे आहेत, तुमचं काय मत? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतू, हयगय, बाहेरून झालेला आघात अशी कारणं मोजतात आणि आठवं कारण म्हणून कर्मविपाक सांगतात. सगळं पूर्वकर्माच्या माथी मारणारे सत्याच्या पलीकडे जातात, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेब याहून कठोर आहेत. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत साफ नाकारतात, कारण त्यामुळे गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून निसटते. मला हे वेल्डर म्हणून लगेच पटतं. पाइपाचं नशीब खोटं म्हटलं की बेलो कुणी टाकला नाही, हे विचारायचं कारणच उरत नाही.

कर्म मात्र मी सोडलेलं नाही. माझ्या हातचं आजचं कर्म मला नाही, मी कधी न पाहिलेल्या माणसाला फळतं. मध्यरात्री कुठल्यातरी शेतात गाडीवर उभ्या असलेल्या हेल्परला, ज्याच्या शेजारी तडकलेल्या पाइपातून तापलेला धूर डिझेलच्या होजवर येतो. हे मला मागच्या जन्मापेक्षा फार जड वाटतं.

एक गाठ मात्र सुटत नाही. बुद्ध चेतनेला, म्हणजे हेतूला कर्म म्हणतात. मग ज्या पोराला पर्जिंग कुणी शिकवलंच नाही, त्याच्या वेल्डमुळे हेल्परचा हात भाजला तर ते कर्म कुणाचं? पोराचा हेतू वाईट नव्हता. मला वाटतं, ज्याला माहीत होतं आणि ज्यानं सांगितलं नाही, त्याचं. म्हणून शेडमध्ये नवा पोरगा आला की त्यानं जोडलेला पहिला पाइप मी त्यालाच उभा चिरायला लावतो आणि वेल्डची आतली बाजू त्याच्या बोटाला लागू देतो. काका तेव्हा तिथे असले तर बाकावर बसून बघतात. संचितावरचा त्यांचा विश्वास कायम आहे, पण मागच्या खेपेला पाइप टाकताना त्यांनी आधी विचारलं, "ब्रॅकेट इंजिनावरून घेतलास ना?"