लसूण, व्रत आणि गृहस्थाचे स्वयंपाकघर



देवदर्शनास येणाऱ्या अनेक कुटुंबांच्या मनात एक प्रश्न असतो. नैवेद्यात लसूण वर्ज्य मानतात. मग घरच्या रोजच्या स्वयंपाकात तो घालणे हा दोष आहे काय? प्रश्न वरकरणी लहान वाटतो. परंतु सुनेने केलेली भाजी सासूने खावी की नाही, कोणाच्या घरचे अन्न घ्यावे, पंक्तीत कोणाच्या शेजारी बसावे, इथपर्यंत तो जाऊन पोहोचतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे उचित होय.

दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. येथील शेतकरी धानाच्या बांधीत पुढे लाखोळी आणि जवस घेतो. जवस भाजून, त्यात सुकी लाल मिरची, मीठ व लसणाच्या पाकळ्या घालून कुटलेली चटणी हे या भागातील घरोघरचे तोंडीलावणे आहे. ज्या घरी भाजीला पैसा नसतो, त्या घरी भातावरच्या या चटणीनेच जेवणाला चव येते. लसूण अख्खा असताना त्याला फारसा वास नसतो. पाकळी ठेचली की तिच्यातील दोन निरनिराळे घटक एकत्र येतात आणि त्यांच्या संयोगाने तो उग्र दर्प निर्माण होतो. उकळत्या तेलाच्या फोडणीत तो सौम्य होतो, चटणीत मात्र तिखट राहतो. हे आपल्या गृहिणींना पुस्तकावाचून ठाऊक आहे.

आता चातुर्मासाकडे वळू. आषाढ शुद्ध नवमीस महाराष्ट्रात ‘कांदेनवमी’ म्हणतात. त्या दिवशी कांदा-लसणाचे पदार्थ आवडीने करून खातात. पुढे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत अनेक घरांतून दोन्ही वस्तू वर्ज्य होतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या भागात धानाची रोवणी सुरू असते. पावसात, चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांच्या डब्यात भात आणि लसणाची चटणी असते. एका घरी व्रत आणि त्याच घराच्या बांधीत चटणीभात, असे हे दृश्य आहे. यातील एक अन्न शुद्ध आणि दुसरे अशुद्ध, असे आपण म्हणणार काय?

शास्त्रांचे म्हणणे पाहिले तर ते एकसुरी नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी लसूण निषिद्ध सांगितला आहे. जैन बांधव कंदातील जीवांच्या हिंसेचा विचार करून तो टाळतात. उलट काश्यपसंहितेत लसणासाठी ‘लशुनकल्प’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात वातविकार असलेल्यास पावसाळ्यातही लसूण सेवनाची मुभा दिली आहे. यावरून एक गोष्ट ध्यानी येते: चातुर्मासातील त्याग ही केवळ प्रकृतीची पथ्यविधी नसून तो मुख्यतः संकल्प आहे. इ. स. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे सापडलेल्या प्राचीन वैद्यक पोथीत तर एक युक्तीही सांगितली आहे. गाईला चाऱ्यात लसणाची पात मिसळून द्यावी आणि मग तिचे दूध ब्राह्मणाने घ्यावे, म्हणजे गुण मिळेल व नियमही मोडणार नाही! नियमाचे अक्षर पाळून पळवाट शोधण्याची मनुष्याची सवय किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार वर्णिले आहेत. तेथे लसणाचे नाव नाही. अतितिखट अन्न राजस ठरते, म्हणून आपल्या झणझणीत चटणीस राजस म्हणावे लागेल, हे प्रामाणिकपणे मान्य करू. परंतु शिळे व उष्टे अन्न तामस सांगितले आहे. तेव्हा घरच्यांनी ताजे जेवून मोलकरणीपुढे कालचे अन्न ठेवणारे घर कांदा-लसणास शिवत नसले, तरी ते पंक्तीला तामस अन्नच वाढते. ज्या धानाच्या रोवणीची मजुरी थकविली, त्या धानाचा भात लसणाविना शिजविला म्हणून पवित्र कसा व्हावा?

मग व्रतास अर्थ नाही काय? अवश्य आहे. आवडती वस्तू हाताशी असताना तिला चार महिने ‘नको’ म्हणता येणे, हे मनाचे सामर्थ्य आहे. ज्याला लसूण मुळातच रुचत नाही, त्याने तो सोडण्यात त्याग कसला? व्रताचे मोल त्यास पडणाऱ्या कष्टात आहे, आणि ते कष्ट व्रत करणाऱ्याने स्वतः सोसायचे असतात. सासूबाईंच्या नियमासाठी रोवणीवरून थकून आलेल्या सुनेने दोन चुली सांभाळायच्या, तर ते व्रत सासूचे आणि कष्ट सुनेचे होतात. अशा घरी व्रतस्थाने आपले वरण फोडणीआधी वेगळे काढून घ्यावे, आणि उरलेल्यास लसणाची फोडणी खुशाल पडू द्यावी. एवढ्याने दोघींचाही मान राहतो.

नैवेद्याचा नियम ही देवघराची मर्यादा आहे. आपण देवळात पादत्राणे काढून जातो, म्हणून बांधावर अनवाणी न चालणारा शेतकरी पापी ठरत नाही. त्याचप्रमाणे नैवेद्याच्या ताटाचा नियम शेजाऱ्याच्या ताटाचे माप होऊ शकत नाही.

म्हणून, भाविकहो, ज्यांनी लसूण सोडला आहे त्यांनी तो आनंदाने सोडावा आणि त्याविषयी मौन पाळावे. जे खातात त्यांनी संकोच न धरता खावा, मात्र व्रतस्थाच्या ताटाचा आदर राखावा. आणि दोघांनीही जेवावयास बसण्यापूर्वी एकदा विचारावे की, हे अन्न ज्यांच्या हातांनी पिकले आणि शिजले, ते जेवले काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येईल, अशी सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.