जोत्याची उंची

बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर काळ्या मातीवर वसलेले आहे. ही कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्यामुळे इथला गवंडी पाया खोल घेतो आणि जोते उंच धरतो. नालीचे पाणी घरात शिरू नये, भिंतींना ओल धरू नये, हा त्यामागचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. बाजारातली दुकानेही तशीच बांधलेली असतात: आधी रस्ता, मग नाली, नालीवर फरशी, दोन-तीन पायऱ्या आणि मग शटर. पायांनी चालणाऱ्या माणसाच्या या पायऱ्या ध्यानातही येत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाचा बाजार मात्र त्यांच्यापाशीच संपतो. तो रस्त्यावरून हाक मारतो आणि दुकानदार, बहुतेक वेळा मनापासून, माल बाहेर आणून दाखवतो. पण दहा साड्या उलगडून पाहणे, चपलेचे चार जोड घालून बघणे, डॉक्टरांच्या खोलीत दार लावून आपले दुखणे सांगणे, हे रस्त्यावर होत नाही.

तालुक्याच्या गावात दिव्यांगांचा विषय निघाला की बोलणे मदतीवर जाते. शिबिर, प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, तीनचाकीचे वाटप. या सगळ्याची गरज आहे आणि त्यासाठी झटणाऱ्यांचे मोल मोठे आहे. पण तीनचाकी मिळाल्यावर तिच्यावर बसून माणसाने जायचे कुठे? बँक, दवाखाना, तहसील, शाळा, मंगल कार्यालय, सगळ्यांची उंची तेव्हाच ठरून गेलेली असते, जेव्हा गवंड्याने जोत्याची दोरी बांधली. खरा प्रश्न बांधकामाचा आहे आणि तो आपण समाजकल्याणाच्या टेबलावर ठेवून दिला आहे.

गावाला रॅम्प माहीत नाही, असे तर मुळीच नाही. कोणत्याही गल्लीत पाहावे, दारोदारी सिमेंटचा एक अरुंद उतार असतो. रात्री मोटारसायकल आत घ्यायची असते ना! ओल्या सिमेंटवर गवंडी सळईने आडव्या रेघा ओढतो, म्हणजे पावसात चाक घसरत नाही. जागा नाही, खर्च परवडत नाही, ही नेहमीची दोन कारणे त्या उताराशी येऊन थांबतात, कारण गाडीसाठी दोन्हींची सोय झालेली असते. फरक एवढाच, की तो उतार इंजिनाच्या ताकदीला पुरतो. माणसाचे खांदे आणि मनगटे तिथे हरतात.

मनगटांना झेपणारा उतार किती, याचे माप ठरलेले आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे अडीच फुटांच्या जोत्याला तीस फूट, वर मधल्या विसाव्याची सपाट जागा वेगळी. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. वर पोचल्यावर दारासमोर पाच फूट मोकळी जागा, कारण खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटरचे वर्तुळ लागते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. आता एखाद्या सरकारी इमारतीचा रॅम्प जवळून पाहावा. लांबी मापाच्या निम्मीदेखील नसते. त्यावर गुळगुळीत फरशी बसवलेली असते, खालचे टोक चिखलात उतरते आणि वरच्या टोकाला चार इंचांचा उंबरा असतो. अशा रॅम्पवर खुर्ची ढकलणाऱ्याचाच पाय आधी घसरतो. कागदोपत्री मात्र ‘रॅम्पची सोय आहे’ या रकान्यात होकार भरला जातो.

शौचालयाची गोष्ट याहून अवघड, आणि तिच्याबद्दल बोलले जाते सर्वांत कमी. खुर्चीसह आत जाता यावे, वळता यावे, बाजूचा दांडा धरून बसता यावे, यासाठी साधारण सव्वादोन मीटर बाय दोन मीटर जागा लागते आणि दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे लागते. ते नसल्यामुळे घराबाहेर पडायच्या दिवशी अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मणक्याला इजा झालेल्या माणसाच्या मूत्रपिंडांना ही सवय किती महागात पडते, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

प्रवासाचेही तेच. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते. राज्याने ती कित्येक वर्षे चालवली आहे. पण साध्या एसटीच्या दाराची पहिली पायरीच गुडघ्याला येते. मलकापूरहून बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात जायचे, तर कुणीतरी उचलून चढवायचे आणि उतरताना पुन्हा कुणाला तरी विनवायचे. रेल्वेला फलाटाचा आधार आहे, तरी उंच फलाटही रुळांपासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असतो आणि डब्याचा तळ सव्वा मीटरच्या वर. मधला दीड फूट उरतोच. त्यात दिव्यांगांचा डबा गाडीच्या टोकाला आणि थांबा दोन-तीन मिनिटांचा. २०२३ मध्ये रेल्वेस्थानकांच्या पुनर्विकासाच्या अमृत भारत स्थानक योजनेत मलकापूरचे नाव आले. नव्या दर्शनी भागाइतकेच महत्त्व या दीड फुटाला मिळायला हवे.

एका तासाच्या अंतरावर शेगाव आहे. गजानन महाराज संस्थानात चाकाची खुर्ची आणि ती ढकलणारे सेवाधारी भेटतात आणि त्यांच्या वागण्यातली अदब पाहून कुणाचेही मन भरून येते. वऱ्हाडात सेवेची परंपरा केवढी खोल आहे, याचा तो पुरावा. पण रोजच्या आयुष्यात माणसाला भाजी आणायला, कर भरायला, मित्राकडे गप्पा मारायला जायचे असते. दर वेळी चार हातांची वाट पाहायची म्हणजे दर वेळी कुणाचे तरी ऋणी व्हायचे.

हे ऋण नाकारून जगता येते, हे महाराष्ट्राला नसीमा हुरजूक यांनी दाखवले. सोळाव्या वर्षी त्यांचे पाय निकामी झाले. पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापूरला ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. त्यांच्या कामातून ‘घरौंदा’ हे वसतिगृह झाले. तिथे मुले-मुली खुर्चीवरून स्वतःच फिरतात, कारण तिथली इमारत खुर्चीवर बसणाऱ्यांनी आपल्या गरजा ओळखून उभी केली.

कायदा म्हणाल तर तो १९९५ पासून आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. त्याच्या ४४व्या कलमानुसार सुगमतेची मानके पाळल्याशिवाय बांधकाम आराखड्याला परवानगी देता येत नाही आणि इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना ४५व्या कलमाने पाच वर्षे दिली. ती केव्हाच सरली. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, दिव्यांग हक्कांसाठी लढणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी उचलून जिने चढवावे लागले. खारचे ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट नव्हती. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. राजधानीत ही स्थिती असेल, तर तालुक्यातल्या माडीवरच्या कार्यालयांबद्दल वेगळे काय सांगावे? पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ मार्गदर्शक ठेवणारा, याच कायद्याखालचा नियम १५(१) रद्द ठरवला आणि सक्तीचे किमान नियम करायला केंद्राला तीन महिने दिले.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. पोलिओने पाय गमावलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशी ओलांडते आहे. नैसर्गिक विषाणूने झालेला भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, म्हणून काहींना वाटते की प्रश्न आपोआप ओसरेल. पण खुर्चीवर येणारी माणसे बदलली आहेत: महामार्गावरच्या अपघातात मणका मोडलेला तरुण, मधुमेहाने पाय काढावा लागलेला शेतकरी, पक्षाघात झालेली आजी. मलकापूर मुंबई–नागपूर रेल्वेवर आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. या तिघांपैकी कुणीच इथे परका नाही.

काम कठीण नाही, कारण सूत्रे गावातच आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. त्यातला काही भाग शौचालये, कठडे आणि नालीवरच्या सपाट फरश्यांवर जाऊ शकतो. चिंचोळ्या जागेतल्या जुन्या दुकानाला ठेवता-उचलता येणारा लोखंडी उतार पुरतो, तो वेल्डरकडे तयार होतो. नव्या इमारतीला तर जादा खर्च नगण्य, फक्त नकाशा काढतानाच उताराची लांबी सोडावी लागते. नगरपरिषदेने पूर्णत्वाचा दाखला देण्याआधीच्या पाहणीला अभियंत्याबरोबर गावातल्याच एका चाकाच्या खुर्चीवरच्या नागरिकाला, रीतसर मानधन देऊन, न्यावे. रस्त्यापासून काउंटरपर्यंत आणि तिथून शौचालयापर्यंत तो एकटा गेला का, याची नोंद पाहणी अहवालात घ्यावी आणि त्या नोंदीखाली त्याची सही घ्यावी.