गहाण कोणाचे, नाव कोणाचे?

बीदरच्या चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे निघाले की वाटेत महमूद गवान यांच्या मदरशाचा उरलेला मनोरा आणि त्यावर तग धरून राहिलेले झिलईदार फरशांचे तुकडे दिसतात. ही वास्तू इ. स. १४७२ ची. त्याच वर्षी दूर इटलीतील फ्लोरेन्स नगरात चित्रकारांच्या संघाच्या वहीत एका वीस वर्षांच्या तरुणाचे नाव नोंदले गेले : लिओनार्दो दा विंची. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि मदरशासमोर उभे राहिले की आमच्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. मोठे काम ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या कामाचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिलेला असतो?

लिओनार्दोपुरते उत्तर सोपे आहे. चित्र, शिल्प, शरीररचना, जलविद्या, उड्डाणयंत्रे अशा अनेक विषयांत बुद्धी चालविणाऱ्या या पुरुषाचा भार राजाश्रयाने वाहिला. मिलानच्या अधिपतीला त्याने सेवेसाठी जे पत्र लिहिले, त्यात पूल, तोफा आणि युद्धयंत्रे यांचे कौशल्य आधी सांगितले आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. आश्रयदात्याला काय हवे हे तो ओळखून होता. त्याच अधिपतीसाठी त्याने एका प्रचंड अश्वशिल्पाचा मातीचा नमुना घडविला. परंतु ओतकामासाठी जमविलेले कासे १४९४ मध्ये तोफांसाठी धाडले गेले आणि अश्व मातीचाच राहिला. आश्रय राजाचा असला की लहरही राजाचीच असते. गवान यांना तर १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाच्या आज्ञेने प्राणास मुकावे लागले.

परंतु ज्याला राजा नाही, त्याने काय करावे? येथे आम्हांस दादासाहेब फाळके आठवतात. बहुविध कला आणि यंत्रविद्या एकाच देही नांदल्याचे त्यांच्याइतके ठसठशीत उदाहरण मराठी मुलुखात क्वचितच सापडेल. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले; गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय केला; पुरातत्त्व खात्यात नकाशे काढले; राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम केले; रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनी गाठली. जादूचे प्रयोगही केले. पुढे ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्र पाहिले आणि आपल्या देवदेवतांची कथा अशीच पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांना लागला. पेरलेल्या वाटाण्याला अंकुर फुटून त्याचे रोप कसे होते, हे त्यांनी थोडेथोडे टिपून एका लहानशा चित्रात दाखविले. कलावंताची दृष्टी आणि संशोधकाचा धीर त्या एका प्रयोगात एकत्र आले होते.

राजाश्रय मात्र नव्हता. मग आश्रय दिला तो घराने. विम्याची पॉलिसी गहाण पडली, त्या पैशावर १९१२ मध्ये लंडनची वारी झाली आणि कॅमेरा आला. सरस्वतीबाईंचे अलंकारही या यज्ञात गेले. एवढ्यावरच त्यांचा वाटा संपला नाही. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळविणे, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक रांधणे, हे सारे त्यांनी केले. पुत्र भालचंद्र पडद्यावर रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

आता सुज्ञ वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. हरिश्चंद्र म्हणजे आपला शब्द पाळण्यासाठी पत्नी आणि पुत्र यांना विकणारा राजा. ही कथा पडद्यावर आणण्यासाठी पत्नीचे दागिने आणि घराचा उद्याचा आधार पणाला लागावा, हा योगायोग आम्हांस अस्वस्थ करतो. आपण पिढ्यानपिढ्या हरिश्चंद्राच्या सत्त्वाचे गुणगान केले. तारामतीला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न क्वचितच केला.

यावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की, फळ पाहा. त्या दागिन्यांतून एक अवघा चित्रव्यवसाय उभा राहिला. हे उत्तर आम्हांस पटत नाही. चित्र पडले असते तर तेच कृत्य अविचार ठरले असते काय? कृतीची नीती तिकिटांच्या विक्रीवर ठरू लागली, तर नीती आणि नशीब यांत भेद उरत नाही. दुसरे उत्तर असे की, गृहस्थाने आधी घर पाहावे, छंद मागाहून. हेही पुरते खरे नव्हे. केवळ सुरक्षिततेचाच हिशेब केला असता, तर आपल्याच पूर्वजांनी मूळ गाव सोडून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत बिऱ्हाडे मांडली नसती.

आमच्या मते भेद विकण्यात आणि सहभागात आहे. तारामती विकली गेली. सरस्वतीबाई कामाला उभ्या राहिल्या. ज्याने भार उचलला तो त्या कामाचा कर्ताही झाला, तर त्याग लादलेला राहात नाही. तरीही एक शंका उरतेच. त्या काळच्या घरात स्त्रीला 'नाही' म्हणण्याची मोकळीक कितपत होती? तिची संमती मनापासूनची असेलही, परंतु नकाराची वाट बंद असताना दिलेल्या होकाराचे वजन करणे कठीण. म्हणून अशा कामाचे समर्थन करून मोकळे होता येत नाही. त्याचे ऋण मानावे लागते, आणि ऋण मानायचे तर धनकोचे नाव ठाऊक हवे.

आमच्या घरच्या जुन्या दप्तरात मोडी लिपीतील एक चिठ्ठी आहे. त्यात दोन पाटल्या गहाण ठेवल्याची नोंद आहे. त्या पैशातून आमच्या एका पूर्वजांनी गावात मुलांना शिकविण्यासाठी जागा बांधली, असे घरात सांगत. चिठ्ठीवर नाव त्यांचेच आहे. पाटल्या ज्यांच्या हातच्या, त्या आजींचे माहेरचे नावही आज आम्हांपैकी कोणास सांगता येत नाही. पूर्वजांचा अभिमान वाटतोच. परंतु ती चिठ्ठी वाचल्यापासून तो निर्भेळ राहिलेला नाही.

बिदरी काम पाहताना डोळा चांदीच्या वेलबुट्टीवर खिळतो. ती उठून दिसते ती खालच्या काळ्या धातूमुळे, आणि तो काळा रंग साधण्यासाठी कारागीर किल्ल्यातील जुनी माती वापरतात. त्या मातीची आठवण वस्तू विकत घेणाऱ्यास सहसा राहात नाही.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निवर्तले. १९६९ पासून त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, आणि ते योग्यच आहे. आपण मात्र निदान आपल्या घरांपुरते एवढे करावे : नातवंडांना एखाद्या कर्तबगार पूर्वजाची गोष्ट सांगताना, त्या कामासाठी कोणाच्या हातातले काय उतरले, हेही त्याच दमात सांगावे. आणि ज्यांच्या घरी कोणी आज असा ध्यास घेऊन बसला असेल, त्यांनी घरातल्यांना आधी विचारावे. नकार आला तर तो ऐकून घेण्याची तयारी ठेवून विचारावे.