कुणीच न मारलेला बिबट्या



पहाटे मुंबई-अहमदाबाद महामार्गाने जाताना रस्त्यात चिरडलेले मुंगूस, साप, रानमांजर आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिले आहे. क्षणभर वाईट वाटते. तोवर गाडी पुढे गेलेली असते. प्रश्न मात्र मागे राहतो: याला मारले कुणी?

२००९ साली अहमदनगर जिल्ह्यातील (आजचे अहिल्यानगर) टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत सापडला. त्याला सुखरूप वर काढण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. वयस्क व शांत म्हणून त्याचे नाव पडले ‘आजोबा’. हा आजोबा महामार्ग, रेल्वेरूळ आणि वसईची खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका अज्ञात वाहनाच्या धडकेत तो मेला. पुढे २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

गुन्हेगार कोण? चालकाला त्याला मारायचे नव्हते. रस्ता बांधणाऱ्यांनाही नव्हते. त्या रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्या आपल्याला तर मुळीच नव्हते. हेतू नाही, म्हणून पाप नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो.

पण नीतिशास्त्र इतके सोपे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी अपघाती मनुष्यवधाचा विचार करताना सांगितले आहे की, काम योग्य असले तरी ते करताना आवश्यक ती काळजी घेतली नाही, तर दोष टळत नाही. प्राण्याचा जीव आणि माणसाचा जीव एकच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु काळजी घेण्याचे कर्तव्य माणसापाशी येऊन थांबते का? प्राण्यांना विनाकारण दुःख देणे वा मारणे माणसाला शोभत नाही, ही तर ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तेव्हा खरा प्रश्न एवढाच: हे मरण टाळता येण्याजोगे होते का?

त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तेथे वन्यप्रेमींनी आग्रह धरला, न्यायालयाने लक्ष घातले आणि प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेण्यात आला. २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावले. १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी जाताना दिसले. त्यांत १० वेगवेगळे वाघ होते. वर ट्रक धावत होते, खाली वाघ चालत होते.

कुणी म्हणेल, रस्त्यावर माणसे मरतात, तिथे जनावरांचे काय घेऊन बसलात? पण रात्री अचानक समोर आलेल्या जनावराला चुकवताना दुचाकीस्वारही जातो. एकाची काळजी दुसऱ्यालाही वाचवते.

रस्ते हवेतच. आजारी माणसाला वेळेवर इस्पितळात नेणारा रस्ता हे वरदानच आहे. मात्र, माहीत नव्हते तोवर तो अपघात होता. उपाय माहीत झाल्यावर आणि तो न केल्यावर ती हयगय ठरते. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो, हे येथे आठवावे.

आपल्या हाती काय आहे? जंगलालगत रात्री गाडी हळू चालवणे. गाडीतून खरकटे बाहेर न टाकणे, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आणि आपल्या भागातून नवा रस्ता वा लोहमार्ग जाणार असेल, तर जमिनीच्या मोबदल्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारणे: इथून जाणाऱ्या मुक्या जिवांची वाट कुठे ठेवली आहे?

आजोबाला कुणीच मारले नाही. म्हणूनच त्याचा हिशेब आपण सर्वांनी मिळून द्यायचा आहे.