गुणतक्ता आणि द्राक्षमळा

अंधेरी असो, बोरीवली असो वा मुलुंड, आपल्या धर्मग्रामांतील मुले पायात चेंडू घेऊनच वाढतात. रविवारच्या मिस्सानंतर शाळेच्या पटांगणात सामना रंगतो आणि सामना संपताच वाद सुरू होतो. खरा चांगला संघ कोणता? जो जिंकला तो, की जो अधिक चांगला खेळला तो? मोठी माणसे हा वाद हसण्यावारी नेतात. परंतु त्यात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे. संघांना किंवा माणसांना एकाखाली एक असे क्रमाने बसवायचे झाले, तर ते कोणत्या न्यायाने बसवावे? आणि त्या न्यायात उदारतेला कितपत जागा असावी?

प्रथम एक सोपे उदाहरण घेऊ. २०२०-२१ च्या हंगामात इंडियन सुपर लीगचे सर्व सामने महामारीमुळे गोव्यात खेळवले गेले. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलाला आपले घर मानणारा मुंबई सिटी आणि कोलकात्याचा एटीके मोहन बागान या दोन संघांचे साखळी सामन्यांअखेर प्रत्येकी ४० गुण झाले. मग पहिला कोण? नियम आधीच लिहिलेला होता. गुण समान झाल्यास त्या दोन संघांच्या परस्परांतील सामन्यांचा निकाल पाहावयाचा. मुंबईने बागानला जानेवारीत १-० असे आणि २८ फेब्रुवारी २०२१ रोजी २-० असे, म्हणजे दोन्ही वेळा हरवले होते. मुंबई पहिली ठरली. बागानच्या चाहत्यांना दुःख झाले असेल. पण आपल्यावर अन्याय झाला, असे म्हणण्याचे कारण त्यांना नव्हते. आपली कसोटी कशाने लागणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो तेव्हा हे सोपे असते. सर्वांची गाठ पडतच नाही तेथे काय करावे? अमेरिकेतील महाविद्यालयांच्या फुटबॉलपुढे हा प्रश्न फार जुना आहे. त्यांचा फुटबॉल आपल्याहून निराळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. पण क्रमवारीची अडचण कोणत्याही खेळात यावी अशीच आहे. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात सुमारे बारा सामने. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांना भेटतच नाहीत. १९३६ पासून वृत्तपत्रांचे प्रतिनिधी मते देऊन क्रम ठरवीत आले. पुढे १९९८ पासून मतांना संगणकाच्या गणिताची जोड मिळाली. आणि २०१४ पासून तेरा जणांची एक निवड समिती बंद दाराआड बसून अंतिम क्रम लावू लागली.

२०२३ साली या समितीपुढे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ आला. त्याने तेराच्या तेरा सामने जिंकले होते आणि आपल्या विभागाचे विजेतेपदही मिळवले होते. परंतु नोव्हेंबरात त्याचा प्रमुख खेळाडू जायबंदी झाला. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीइतका बलवान राहिलेला नाही, असे समितीला वाटले. अंतिम स्पर्धेत चारच संघांना जागा होती. समितीने फ्लोरिडा स्टेटला पाचवे स्थान दिले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेतले.

दोन वर्षांनी, २०२५ च्या डिसेंबरात, होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी १८४२ साली स्थापन केलेल्या नोटर डेम विद्यापीठाची पाळी आली. एव्हाना स्पर्धेतील जागा बारा झाल्या होत्या. नोटर डेम आणि मायामी या दोघांचेही दहा विजय व दोन पराभव झाले होते. कित्येक आठवडे समिती नोटर डेमला मायामीच्या वर ठेवीत होती. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही मैदानावर उतरले नाही. तरी अंतिम यादीत मायामी वर गेली आणि नोटर डेम बाहेर राहिले. हंगामाच्या आरंभी मायामीने नोटर डेमला हरवले होते, हे कारण पुढे करण्यात आले. कारण खोटे नव्हते. पण तो सामना ऑगस्टपासून सर्वांना ठाऊक होता. मुंबई आणि बागान यांच्यात लावलेली कसोटी हीच होती. फरक इतकाच की, तेथे ती आधी लिहून ठेवलेली होती आणि येथे ती अखेरच्या क्षणी आठवली.

या दोन घटना नीट पाहिल्या की ध्यानात येते की, क्रम लावणारा माणूस दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळत असतो. तुम्ही काय केलेत, हा एक प्रश्न. तुम्ही किती चांगले आहात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराव्याने देता येते. दुसऱ्याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागते, आणि अंदाज करणाऱ्याच्या आवडीनिवडी त्यात नकळत उतरतात.

मुंबईच्या पालकांना हा गुंता अपरिचित नाही. दहावीला निरनिराळ्या बोर्डांची मुले निरनिराळ्या प्रश्नपत्रिका सोडवतात. ती एकमेकांशी ‘खेळलेली’च नसतात. तरीही अकरावीच्या एकाच यादीत त्यांना क्रमाने बसवावे लागते. २००८ साली शासनाने त्यासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आणले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ साली नव्वद टक्के जागा एसएससीच्या मुलांना राखण्याचा निर्णय झाला. तोही टिकला नाही. अखेर २०१० साली सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तीन वर्षे कितीतरी घरांतील झोप उडाली, ती या एका प्रश्नापायी.

आता आपल्या फुटबॉलमधील अशा एका प्रसंगाकडे वळू, ज्यात नियम लिहिलेला होता, सर्वांना ठाऊक होता आणि तरीही मनाला टोचतो. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. मिझोरमचा ऐझॉल एफसी प्रथमच या स्पर्धेत आला होता. खालच्या श्रेणीत जिंकून त्याने ही जागा मिळवली होती. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हाही नवा संघ. पण तो बोली लावून, मोठी गुंतवणूक करून थेट वरच्या श्रेणीत आला होता. अशा थेट प्रवेश घेणाऱ्या संघांना खालच्या श्रेणीत ढकलले जाण्यापासून सूट होती. हंगाम संपला तेव्हा ऐझॉल आठवा होता आणि शिवाजियन्स नववा, म्हणजे सर्वांत खाली. शेवटचा संघ वर राहिला. शेवटून दुसऱ्याची घसरण झाली.

सूट देणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भारतीय फुटबॉलला पैशाची गरज होती. पहिल्याच वर्षी बाहेर फेकले जाण्याची भीती असेल तर कोणता उद्योजक पैसा घालील? शिवाय सूट चोरून दिलेली नव्हती. हे सारे खरे आहे. परंतु या सुटीची किंमत कोणी भरली? महासंघाने भरली नाही, शिवाजियन्सनेही भरली नाही. ती ऐझॉलने भरली. यावरून दिसते की, नियम आधी जाहीर असणे आवश्यक असले तरी तेवढ्याने तो न्याय्य होत नाही. तो सर्वांना सारखा लागला पाहिजे. आणि तो वेळेवरही लागला पाहिजे. २०२५ च्या एप्रिलमध्ये आय-लीगच्या तक्त्यात गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांसह पहिला होता आणि इंटर काशी ३९ गुणांसह दुसरा. पण एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने अपात्र खेळाडू उतरवल्याची काशीची तक्रार निकालात निघालेली नव्हती. महासंघाच्या अपील समितीने चर्चिलला विजेता ठरवले. जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिले. महिन्यांनी मिळालेल्या न्यायाने एका गावचा जल्लोष पुसला गेला आणि दुसऱ्या गावाला तो वेळेवर करता आलाच नाही.

येथे श्रद्धावंत वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. नियमाची एवढी कदर कशासाठी? प्रभू येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तर मालक दिवसभर राबलेल्यांना आणि संध्याकाळी तासभर आलेल्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून उन्हात खपलेले कुरकुरतात, तेव्हा तो त्यांनाच खडसावतो. मग शेवटच्या संघाला सांभाळून घेतले, तर आपण का कुरकुरावे?

दाखला पुन्हा सावकाश वाचला की उत्तर सापडते. मालकाने सकाळच्या मजुरांशी जी मजुरी ठरवली होती, ती पूर्ण दिली. तीतून एक पैसाही कापला नाही. उशिरा आलेल्यांना जे अधिक दिले ते स्वतःच्या थैलीतून दिले. त्याच्या उदारतेने कोणाचे काही गेले नाही. गुणतक्त्याचे तसे नसते. तेथे जागा मोजक्या असतात. एकाला दिलेली जागा दुसऱ्याकडूनच काढून घ्यावी लागते. अलाबामाला जे मिळाले ते फ्लोरिडा स्टेटच्या ताटातले होते. शिवाजियन्सला अभय मिळाले ते ऐझॉलच्या हिश्श्यातून. दुसऱ्याच्या थैलीतून केलेल्या दानाला उदारता म्हणता येत नाही. म्हणून तक्ता राखणाऱ्याने नियमाला चिकटून राहावे, यातच त्याचा धर्म आहे. दया करावयाची असेल तर तिच्यासाठी इतर वाटा आहेत. दुबळ्या संघाला पैसा द्यावा, मैदान द्यावे, प्रशिक्षक द्यावा. हे सारे आपल्या पदरचे देता येते.

मत्तयच्या शुभवर्तमानात याच विसाव्या अध्यायात, दाखल्यानंतर थोड्याच अंतरावर, जब्दीच्या मुलांची आई येते. आपल्या दोन्ही मुलांना राज्यात उजवीकडे आणि डावीकडे बसवावे, अशी तिची विनवणी आहे. मजुरीच्या बाबतीत इतका उदार मालक रंगवणारा प्रभू या वेळी काय करतो? त्या जागा मर्जीने वाटण्याचे तो नाकारतो. ज्यांच्यासाठी पित्याने त्या सिद्ध केल्या आहेत त्यांच्याच त्या आहेत, असे सांगतो. मजुरी देताना सढळ हात आणि आसने देताना इतकी काटेकोर वृत्ती, या दोन गोष्टी एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत. मग तो शिष्यांना जवळ बोलावतो आणि मोठेपणाचे माप सेवेत आहे, असे शिकवतो. ते माप कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

ऐझॉलची गोष्ट तेथेच संपली नाही. २०१६ साली गोव्याच्या क्लबांनी महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला पुन्हा वर घेण्यात आले. सुमारे सात वर्षे मुंबई एफसीला घडवून तेथून बाहेर पडलेले खालिद जमील त्यांचे प्रशिक्षक झाले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने ३७ गुणांसह आय-लीग जिंकली. मोहन बागानचे ३६ गुण होते. ईशान्य भारतातील संघाने हा मान प्रथमच मिळवला. त्याच तक्त्यात सर्वांत खाली मुंबई एफसी होता आणि त्याची घसरण झाली.

शेवटचे पहिले झाले, म्हणजे अखेर न्याय झालाच, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. गोव्याचे क्लब बाहेर पडले नसते तर तेच खेळाडू, त्याच गुणवत्तेचे, खालच्या श्रेणीत खेळत राहिले असते आणि आपल्याला त्यांची योग्यता कधी कळलीही नसती. एकाचे नशीब उघडले म्हणून आधीचा अन्याय धुतला जात नाही. अन्यायाने खाली गेलेले किती संघ, किती मुले पुन्हा वर आलीच नाहीत, याची नोंद कोणताही तक्ता ठेवीत नाही.

क्रमांक किती थोडे सांगतो, याचे एक उदाहरण मुंबईच्या फुटबॉलप्रेमींना अभिमानाचे आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच पार झाली; नंतर भारताने एक सामना जिंकला आणि दोन गमावले. ‘चौथा’ या शब्दातून यातले काही कळत नाही. जिंकलेल्या त्या एका सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले, हेही कळत नाही.

तेव्हा तक्ता काटेकोर असावा आणि त्याची हद्दही ठरलेली असावी. पॅरिशच्या स्पर्धेत पंच म्हणून उभे राहिलो तर नियम आधी सांगावा, सर्वांना सारखा लावावा, आणि आपल्या शेजाऱ्याचा मुलगा कोणत्या संघात आहे हे विसरावे. घरी आलो की मात्र तो तक्ता उंबरठ्याबाहेर ठेवावा. थोरल्याला किती टक्के आणि धाकट्याला किती, याची मांडणी जेवणाच्या पाटावर करू नये. तेथे आपण पंच नसतो. तेथे थैली आपली असते, आणि जो उशिरा आला, जो मागे पडला, त्यालाही पूर्ण मजुरी देण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.