कुदळ घेतलेली प्रार्थना
(लूक १३:६-९)

प्रियजनहो, ह्या दृष्टांतातील अंजिराचे झाड रानात आपोआप उगवलेले नव्हते. ते मळ्यात मुद्दाम लावलेले असून त्याची राखण करावयास माळी होता. तरी धन्याला तीन वर्षे त्यावर फळ सापडले नाही, तेव्हा त्याने ते तोडावयास सांगितले. ज्यांचे पोट जमिनीवर चालते त्यांस हा निवाडा अन्यायाचा वाटणार नाही.

आता माळ्याकडे पाहा. त्याने धन्याशी वाद घातला नाही, किंवा पाने तरी हिरवी आहेत ना, असेही म्हटले नाही. त्याने एका वर्षाची मुदत मागितली आणि त्याच विनंतीत स्वतःवर काम घेतले : आपण भोवती खणू व खत घालू. प्रियजनहो, दुसऱ्यासाठी करावयाची प्रार्थना ती हीच. जो मुदत मागतो त्यानेच कुदळ उचलावयाची असते.

ह्याविषयी आम्ही स्वतः अपराधी आहोत. आमच्या मंडळीत दोघा भावांचा शेताच्या बांधावरून तंटा झाला आणि धाकट्याने उपासनेस येणे सोडले. आम्ही दोन वर्षे दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना केली व मंडळीने "आमेन" म्हटले. एके दिवशी बाजारात त्याच्या वृद्ध आईने आम्हांस गाठले. ती म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या लेकाचं तुम्ही देवाला दर आठवड्याला सांगता. लेकाशी कधी बोलाल?" आम्ही निरुत्तर झालो. त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो, तर त्याने दार उघडले नाही. चौथ्या खेपेस त्याने पाणी दिले. तंटा अद्याप पुरता मिटलेला नाही. परंतु यंदा नांगरणीस धाकट्याचे बैल थोरल्याच्या शेतात चालले.

केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या विनंतीवरून सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेस जमू लागल्या आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात तेथे मोठी आत्मिक जागृती झाली, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ह्याच बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्यप्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना आणले व त्यांच्या अन्नवस्त्राचा भार वाहिला, हे आपण विसरू नये. ती जमीन आधी कष्टाने खणलेली होती.

आणखी एक गोष्ट. आपणही त्या मळ्यातील झाडेच आहोत. आपणांस मिळालेले प्रत्येक वर्ष कोणीतरी आपल्यासाठी मागून घेतलेले आहे. आपला प्रभू आपल्यासाठी मध्यस्थी करीत आहे (इब्री ७:२५). तो आपल्याभोवती खणतो तेव्हा माती उलटते व मुळांस धक्का बसतो. त्या दुःखास आपण शिक्षा समजतो. पण ज्या झाडाची आशा सोडली त्याभोवती कोणी आळे करीत नाही.

तरी मुदत ही मुदतच आहे. म्हणून ह्या आठवड्यात ज्याचे नाव आपण प्रार्थनेत घेतो, त्याच्या दारी एकदा जाऊन यावे. प्रार्थना घरी करावी आणि तिचे उत्तर पायांनी शोधावे. फळ देणे देवाकडे आहे, खणणे आपल्याकडे. त्या खणण्यासाठी तो आपणां सर्वांस बळ देवो. आमेन.